तेजोमेघाचा फिल्टर दीर्घिकेला का चालत नाही

जुळे सोलापूरच्या एखाद्या अंगणातून साध्या द्विनेत्रीने पाहिलं, तर मृगातला तेजोमेघ (मेसिए ४२) आणि देवयानी दीर्घिका (मेसिए ३१) दोन्ही धुरकट ठिपकेच वाटतात. त्यामुळे एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्यालाही चालेल, असं गृहीत धरलं जातं आणि तिथेच नवख्यांचे पैसे वाया जातात. ड्युअल-बँड फिल्टर (दोनच ठरावीक रंग आत सोडणारी काच) लावला की मृगाचा फोटो झकास येतो. देवयानी मात्र त्याच फिल्टरने आणखी फिकी पडते.

तेजोमेघ म्हणजे तापलेला वायू. तो सगळ्या रंगांत उजळत नाही, मोजक्याच तरंगलांबींवर उजळतो: हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजनची हिरवट रेषा ५००.७ ला. फिल्टर या दोनच खिडक्या उघड्या ठेवतो आणि शहराचा बाकीचा उजेड अडवतो. जानेवारीच्या मध्यात गड्ड्याच्या यात्रेने होम मैदान झगमगत असतं, तेव्हाही रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला उंच आलेला हा मेघ चांगला टिपता येतो.

देवयानीचा प्रकाश मात्र ताऱ्यांचा आहे. २५ लाख प्रकाशवर्षांवरून येणारा हा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला असतो. १८६४ पासून इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सने वर्णपटदर्शकातून (प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणातून) असे धूसर ठिपके तपासले, तेव्हा काहींत तेजस्वी रेषा दिसल्या, देवयानीत मात्र सलग पट्टा. फोटो काढणाऱ्याला आजही हाच फरक नडतो.

हिशेब करून बघा. फिल्टरच्या दोन खिडक्या प्रत्येकी ७ नॅनोमीटरच्या धरल्या तर एकूण १४. दृश्य प्रकाशाचा पट्टा साधारण ३०० चा. म्हणजे देवयानीचा विसावा हिस्साच कॅमेऱ्यात पोचतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीचा उजेडही सलगच, त्यामुळे तोही जवळपास तितकाच कापला जातो. दोघांतला फरक होता तिथेच राहतो, वर एक्स्पोजर वीसपट लागतं. जुन्या सोडियम दिव्यांचा बहुतेक उजेड पिवळ्या भागात असायचा, म्हणून तेव्हा तेवढाच पट्टा अडवणारे फिल्टर दीर्घिकेलाही थोडे उपयोगी पडत.

देवयानीसाठी खरा उपाय म्हणजे वेळ. फिल्टर काढा, ट्रॅकरवर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर) मिनिटाभराच्या शेकडो फ्रेम घ्या आणि स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून त्यांचा एकच फोटो करा. दाणेदारपणा निम्मा करायला चौपट वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरा. आणखी एक अडचण सोलापूरची आहे: देवयानी उत्तरेकडून जाते आणि जुळे सोलापूरहून उत्तरेला अख्खं शहर आहे. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास ती सर्वांत उंच, क्षितिजापासून ६६ अंशांवर येते. त्या वेळेच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन तासच वापरा. खाली असताना घेतलेल्या फ्रेम शहराच्या उजेडाने माखलेल्या असतात.

माझं मत विचाराल तर फिल्टरचे पैसे पेट्रोलला घाला. बार्शी रस्त्याला नान्नजच्या पुढे जाऊन आकाश दोन प्रतींनी (मॅग्निट्यूडने), म्हणजे सुमारे सहापट काळोखं मिळालं, तर तिथला एक तास अंगणातल्या सहा तासांच्या तोडीचा ठरतो.

फिल्टर आधीच घरात असेल, तर तो त्रिकोण दीर्घिकेला (मेसिए ३३) वापरून बघा. तिच्या भुजांमध्ये एनजीसी ६०४ सारखे प्रचंड तेजोमेघ आहेत आणि ते हायड्रोजनच्या लाल रेषेतच उजळतात. दीर्घिका विनाफिल्टर घ्यायची, लाल ठिपके फिल्टरने वेगळे टिपायचे आणि तो थर नंतर वर चढवायचा.