रेलिक

रेलिक : काळाच्या ओघात मागे उरलेली आणि मुद्दाम जपलेली वस्तू किंवा देहाचा अंश या अर्थाचा इंग्रजी शब्द. मूळ लॅटिन ‘रेलिक्विए’, म्हणजे उरलेसुरले. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि आधी साधुसंतांच्या अस्थी आणि वस्तू यांच्यापुरताच वापरला जाई. कुठल्याही जुन्या वस्तूला रेलिक म्हणण्याची पद्धत नंतरची.

‘अँटिक’ आणि ‘रेलिक’ यांची नेहमी गल्लत होते. अँटिकला वय आणि बाजारभाव लागतो. भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्याने साधारणपणे 100 वर्षांची अट घातली आहे, हस्तलिखितांना 75 वर्षांची. रेलिकला अशी अट नाही. ती कोणाची, कोणाच्या हाताला लागलेली, एवढ्यावर तिचे मोल ठरते. नुसते पाहिले तर ती कवडीमोलाची असू शकते.

नालासोपाऱ्याचे उदाहरण पाहावे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचा उंचवटा खणला, तो निघाला बौद्ध स्तूप. आत मोठी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. एवढे सगळे उघडल्यावर सोन्याच्या डबीत सापडले काय, तर मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या! त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानल्या गेल्या. खापरीसाठी सोन्याची डबी करावी, ही रेलिकची जातच आहे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला.

बौद्ध परंपरेत अशा अवशेषांना ‘धातू’ म्हणतात आणि त्यांचे प्रकारही पाडलेले आहेत : देहाचे ते शारीरिक, वापरातल्या वस्तू त्या पारिभोगिक, आणि मूर्तीसारखे आठवण करून देणारे ते उद्देशिक. सोपाऱ्याच्या खापऱ्या दुसऱ्या प्रकारातल्या. श्रीलंकेत स्तूपाला म्हणतात तो ‘डागोबा’ हा शब्दही ‘धातुगर्भ’वरूनच आला. मात्र आजच्या मराठी वाचकाला धातू म्हटले की तांबे-पितळच आठवते, त्यामुळे बौद्ध विषयाबाहेर हा प्रतिशब्द चालत नाही. कॅथलिक पंथातली जुनी प्रतवारी याच्या फार जवळ जाते : पहिल्या प्रतीत संताचा देह, दुसऱ्या प्रतीत त्याचे कपडे नि वस्तू, तिसऱ्या प्रतीत अशा अवशेषाला टेकवलेले कापड. म्हणजे आज सकाळी टेकवलेला रुमालसुद्धा रेलिक होऊ शकतो.

गोव्यात हा शब्द रोजच्या परिचयाचा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. 1554 मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला. 1614 मध्ये उजव्या हाताचा कोपराखालचा भाग वेगळा करून रोमला पाठवला. बाकीचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकेत चांदीच्या पेटीत आहे आणि साधारण दहा वर्षांनी लोकांच्या दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडचा सोहळा नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झाला. इंग्रजीत त्याला ‘होली रेलिक्स’चे दर्शन म्हणतात. गोव्यातली मराठी वर्तमानपत्रे मात्र वर्षानुवर्षे ‘शवप्रदर्शन’ लिहीत आली. अर्थाला ते चूक नाही, पण ‘गोंयचो सायब’ (गोव्याचा साहेब) म्हणून या संताला हात जोडणाऱ्याला ‘शव’ खटकणारच. ‘पवित्र अवशेष’ हे अधिक बरे.

बोलण्यातल्या इंग्रजीत रेलिक ही टिंगलही असते. कालबाह्य नियम, जुनाट यंत्र, न बदलणारा माणूस यांना रेलिक म्हणतात. माणसासाठी मराठीत ‘जुने खोड’ आहेच. नियमासाठी ‘ब्रिटिशकालीन’ या एका विशेषणात सगळी चीड येते. तिथे ‘अवशेष’ वापरू नये, वाक्याची धार जाते.

याच मुळाचा ‘रेलिक्ट’ हा शब्द वेगळा. जीवशास्त्रात एकेकाळी दूरवर पसरलेल्या आणि आता एखाद्या कोपऱ्यात तगून राहिलेल्या प्रजातीला तो लावतात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ विधवा असाही होता, आणि इंग्रजांच्या जुन्या थडग्यांवर ‘अमक्याची रेलिक्ट’ असे कोरलेले आढळते.