स्टॅटिन औषधे आणि स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातील औषधे (अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन इ.) स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव मंदावण्यासाठी वापरण्याची कल्पना. हा अद्याप मान्य उपचार नाही.

जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन मिळवले. ही औषधे यकृतातील ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्याच्या साखळीतून केवळ कोलेस्टेरॉल तयार होत नाही. रास, ऱ्हो यांसारख्या प्रथिनांना पेशीच्या पटलाला चिकटवून ठेवणारे स्निग्ध तुकडेही तिथूनच येतात. ऱ्हो प्रथिन जागेवर नसेल तर कर्कपेशीला सरकणे, शेजारच्या ऊतीत शिरणे अवघड जाते. दुसरा धागा २०१३ मध्ये हाती आला: कोलेस्टेरॉलपासून शरीरातच बनणारे २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते आणि उंदरांमध्ये गाठीची वाढ व प्रसार वाढवते.

माणसांतला पुरावा इतका ठाम नाही. डेन्मार्कमधील २०११ च्या अभ्यासात सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र नेमाने गोळ्या घेणाऱ्या बायका इतर बाबतींतही तब्येतीला जपणाऱ्या असू शकतात. त्यामुळे श्रेय गोळीचेच, असे म्हणता येत नाही. हा पेच चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचणीनेच सुटतो. तशी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची मोठी चाचणी डेन्मार्कमध्ये हाती घेण्यात आली आहे.

सोलापूर जिल्ह्याला या विषयात एक जमेची बाजू आहे. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी परिसरात सुरू झाली. पण डॅनिश अभ्यास शक्य झाला तो तिथे प्रत्येक औषधचिठ्ठीही देशव्यापी नोंदवहीत चढते म्हणून. आपल्याकडे मेडिकलमधून घेतलेल्या गोळीचा असा माग राहत नाही. खरी उणीव रुग्णनोंदीची नाही, औषधनोंदीची आहे.

गोळी स्वस्त आणि सहज मिळणारी, म्हणून ती मनानेच सुरू करण्याचा मोह होतो. स्नायुदुखी हा तिचा परिचित दुष्परिणाम. क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येतो. कर्करोगावरील रायबोसायक्लिबसोबत सिमव्हास्टॅटिन घेतल्यास सिमव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी वाढून हा धोका बळावतो. उलट अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोलसारख्या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या काहींचे कोलेस्टेरॉल वाढते. हृदयासाठी त्यांना स्टॅटिन लागलेच, तर ते डॉक्टर रीतसर लिहून देतात.