दाब किती, कधी आणि कशासाठी : स्पोर्ट्स मसाजमागचा इतिहास

पाय मुरगळला, घोटा सुजला, की आसपासच्या माणसांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो चोळून दे, दुसरा म्हणतो हात लावू नकोस, घट्ट बांध आणि पडून राहा. आज ज्याला सॉफ्ट टिश्यू थेरपी (स्नायूंसारख्या मऊ ऊतींवरचा हाताने करायचा उपचार) किंवा स्पोर्ट्स मसाज म्हणतात, ती याच वादातून घडत आली आहे. हात तोच राहिला, पण तो का फिरवायचा याची कारणं प्रत्येक काळाने वेगळी दिली. आणि दाब किती द्यायचा, हे त्या कारणावरच ठरत गेलं.

१८६८ साली योहान गेओर्ग मेझगर या डच डॉक्टरने आपला प्रबंध मुरगळलेल्या घोट्यावरच लिहिला. विषय होता, घर्षणाने त्यावर करायचा उपचार. घोटा बांधून माणसाला पडून राहायला सांगण्याचा तो काळ. अशा वेळी दुखऱ्या सांध्याला हात लावायचा, आणि तोही डॉक्टरने, हे धाडसच होतं. अॅमस्टरडॅममध्ये त्यांच्याकडे पुढे राजघराण्यांतले रुग्णही येऊ लागले. हलका लांब हात फिरवणं, स्नायू पिठासारखा मळणं, बोटांनी घासणं आणि थापटणं या चार क्रियांची आजही शिकवली जाणारी फ्रेंच नावं, एफ्लराज, पेत्रिसाज, फ्रिक्शन आणि तापोतमाँ, मेझगर आणि त्यांच्या शिष्यांकडून रूढ झाली असं मानलं जातं. जगाने मात्र या सगळ्याला नाव दिलं ‘स्वीडिश मसाज’. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये जिम्नॅस्टिक्सची संस्था काढली खरी, पण त्यांचा भर शिस्तबद्ध हालचालींवर होता, मसाज हा त्यातला एक छोटा भाग. मेझगर यांचं नाव मागे पडलं याचं मला वाईट वाटतं, कारण दुखापतीवरच्या मसाजला वैद्यकाच्या दारात उभं करण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

खेळाडूचं अंग चोळण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. ग्रीक व्यायामशाळांत तेल लावून अंग रगडणारी माणसं असत आणि सरावानंतर तेल, घाम, धूळ धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढत. सैल सांधा चोळून आवळता येतो आणि ताठर सांधा चोळून सैल करता येतो, असं हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या लिखाणात आहे. चरकसंहितेत रोजच्या अभ्यंगाचे गुण सांगितले आहेत. चीनमध्ये तांग राजवटीच्या वैद्यक विभागात मसाजची स्वतंत्र शाखा होती. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो गेलन. इसवी सन १५७ पासून तो आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गमॉनमध्ये ग्लॅडिएटरांचा, म्हणजे आखाड्यात शस्त्रांनी झुंजणाऱ्यांचा, वैद्य होता. त्याने व्यायामाआधीचं चोळणं आणि व्यायामानंतरचं चोळणं असे दोन वेगळे प्रकार मानले: आधीचं अंग तापवून तयार करण्यासाठी, नंतरचं भरपूर तेलाने थकवा उतरवण्यासाठी. शरीरातला मळ बाहेर पडतो हे त्याचं स्पष्टीकरण आज टिकत नाही, पण सामन्याआधीचा हात वेगळा आणि नंतरचा वेगळा, हा भेद अजून टिकून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाद हाडांपर्यंत गेला. मोडलेलं हाड अजिबात हलू द्यायचं नाही, ही रूढ शिकवण होती. फ्रेंच शल्यविशारद ज्युस्त ल्युका-शाँपियोन्येर यांनी ती नाकारली. फ्रॅक्चरवरही लवकर मसाज आणि लवकर हालचाल सुरू करा, नाहीतर हाड जुळेल पण सांधा आखडून बसेल आणि स्नायू वाळतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मसाजचं वर्णन वाचताना आश्चर्य वाटतं, कारण तो गोंजारल्याइतका हलका होता. दुखलं तर चुकलं, हा त्यांचा दंडक. लंडनमध्ये डॉक्टर जेम्स मेनेल यांनी हाच सौम्य हात पुढे नेला.

त्याच सुमारास मसाजची अब्रूही पणाला लागली होती. मसाजच्या पाटीआड वेश्याव्यवसाय चालतो, अशी ओरड ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेने १८९४ साली केली. त्याच वर्षी चार परिचारिकांनी लंडनमध्ये प्रशिक्षित मसाजकर्मींची संस्था काढली, परीक्षा आणि नियम ठरवले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी मसाज करणाऱ्यांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली, आणि तीच आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपी संस्थेची पूर्वज. म्हणजे आपण ज्याला फिजिओ म्हणतो, त्याच्या व्यवसायाची एक मोठी मुळी मसाजमध्ये आहे.

आता थकव्याकडे येऊ. १८९०च्या आसपास तुरिनमध्ये अँजेलो मोस्सो यांच्या प्रयोगशाळेत एक साधं यंत्र होतं. हात फळीवर बांधायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन. ठरावीक तालावर बोट वाकवत राहायचं आणि कागदावर रेघांची रांग उमटायची. सुरुवातीला उंच, मग ठेंगण्या, शेवटी बोट हलेनासं होई. त्यांचे सहकारी अर्नाल्दो मॅजिओरा यांना दिसलं की थकलेल्या स्नायूंना थोडा वेळ मसाज दिला, तर नुसत्या विश्रांतीपेक्षा रेघा पुन्हा जास्त उंच उमटतात. पुढे स्नायूंतल्या लॅक्टिक आम्लावर संशोधन वाढलं, १९२२ सालचं नोबेल हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी मिळालं, आणि सोपं समीकरण तयार झालं: आम्ल साचतं म्हणून दुखतं, मसाज ते धुऊन काढतो.

मराठीत तर ‘अंग आंबलं’ असंच म्हणतात, त्यामुळे हे समीकरण आपल्याला पटकन पटतं. पण ते चुकीचं आहे. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्या लॅक्टिक आम्लाचंच रक्तातलं रूप, साधारण तासाभरात आपोआप मूळ पातळीवर येतं. अंग आंबतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे. २०१० साली कॅनडातल्या एका प्रयोगात तर व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजने स्नायूतला रक्तप्रवाह आणि लॅक्टेट बाहेर पडणं, दोन्ही मंदावल्याचं दिसलं. दाबलेली नळी वाहणार कशी!

विसाव्या शतकात दाब वाढला, आणि त्याचं श्रेय बरंचसं जेम्स सिरिअॅक्स यांना. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले हे डॉक्टर. त्यांचं ‘डीप ट्रान्सव्हर्स फ्रिक्शन’ जवळून पाहिलं तर समजतं. तेल नाही, क्रीम नाही. पहिल्या बोटावर दुसरं बोट चढवायचं, कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, नेमक्या दुखऱ्या जागी टेकवायचं, आणि तंतू ज्या दिशेने धावतात त्याच्या आडवं घासायचं. बोट कातडीवरून सरकता कामा नये, कातडीसकट हललं पाहिजे, नाहीतर फोड येतो. सुरुवातीला चांगलंच दुखतं, मग काही मिनिटांत ती जागा बधिर होत जाते. जखम भरताना तंतू वेडेवाकडे चिकटतात आणि ते असे सुटे करायचे, ही त्यामागची कल्पना. तिला भक्कम पुरावा पुढे मिळाला नाही, पण ‘चिकटलेलं सोडवायचं’ ही भाषा मसाजच्या टेबलापाशी कायमची राहिली.

दुसरा धागा स्नायूत हाताला लागणाऱ्या दुखऱ्या गाठींचा. जोनास केलग्रेन यांनी १९३८ साली स्नायूत मिठाचं तीव्र पाणी टोचून दाखवलं की दुखणं टोचल्या जागेपासून दूर उमटू शकतं. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, अशा दुखऱ्या बिंदूंचे तपशीलवार नकाशे केले. गाठ मानेजवळ आणि डोकं ठणकतंय, हा अनुभव कितीतरी जणांचा आहे आणि या नकाशांनी त्याला शब्द दिले. गाठ नेमकी कशाची, यावर अजून एकमत नाही.

या कल्पनांचा एक वाईट वारसा आहे, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. दुखतंय म्हणजे बरं होतंय, निळं पडलं म्हणजे खोल गेलं, अशी समजूत पसरली. मांडीला जोराचा मुका मार बसल्यावर पहिल्या काही दिवसांत ती रगडली, तर रक्तस्राव वाढतो आणि स्नायूतच हाड तयार होण्याचा धोका असतो. पोटरी एकाच बाजूची सुजली, गरम लागली, तर ती चोळायची नसते. शिरेत गुठळी असू शकते, आधी डॉक्टर.

मग मसाजने होतं काय? २०१२ साली कॅनडातल्याच एका छोट्या अभ्यासात, ११ तरुणांच्या दमलेल्या मांडीला १० मिनिटं मसाज दिल्यावर पेशींतले दाहाचे संकेत कमी झालेले दिसले. २०२० साली २९ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ताकद, उडी, धाव, दमसास यांत मसाजमुळे सुधारणा दिसली नाही. लवचिकता थोडी वाढली, अंग आंबणं थोडं कमी झालं. माझ्या मते हे थोडंथोडकं नाही. चार दिवसांत दुसरा सामना असलेल्या खेळाडूला जिना उतरताना कमी दुखणं म्हणजे काय, हे त्यालाच विचारावं. आता बहुतेकांचा कल असा, की हात ऊतींचा आकार फारसा बदलत नाही, तो मज्जासंस्थेशी बोलतो: धोका नाही, आवळलेलं सैल सोड.

दाबाचं गणितही त्यामुळे बदललं. चांगला थेरपिस्ट आधी विचारतो, शून्य ते दहात किती दुखतंय, आणि श्वास अडकला की हात हलका करतो. १९७८ साली अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी दुखापतीसाठी विश्रांती आणि बर्फाचं जे सूत्र दिलं होतं, त्यातल्या बर्फाबद्दलचं मत त्यांनी स्वतःच २०१४ साली बदललं. लवकर आणि बेताची हालचाल, हाच आता घोट्याच्या लचकेवरचा मुख्य सल्ला आहे. मसाज संपला की थेरपिस्ट लगेच टेबलावरून उतरायला सांगतो. दुखणं जरा उतरलेलं असतं, तेवढ्यात त्या पायावर भार टाकायचा, भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, मग हात सोडून.