परदेशातले अनोळखी पदार्थ: चाखण्याआधी वाचा

परदेश सहलीचे बुकिंग झाले की आमच्याकडे दोन तऱ्हेच्या चौकश्या येतात. कुणी विचारते, "तिथे घशाखाली उतरेल असे काही मिळेल ना?" आणि कुणी, "ते तळलेले कोळी मिळतात म्हणे, तिथे नेणार का?" हे माहितीपत्रक दोघांसाठीही आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की किळस आणि धोका यांची गल्लत करू नका. बघूनच शहारे यावेत असे कितीतरी पदार्थ निर्धोक असतात, आणि पोट बिघडवतात ते बरेचदा अगदी ओळखीचे पदार्थ.

कोळी चालेल, कापलेले कलिंगड नको

कंबोडियातल्या स्कुन गावात रस्त्याकडेला तळलेल्या टॅरँटुला कोळ्यांच्या चळती रचलेल्या दिसतात. मळमळते हे खरे, पण समोर कढईतून काढलेला कोळी पोटाच्या दृष्टीने चांगला तळलेला पदार्थ असतो. त्याच रस्त्यावर सकाळपासून उन्हात कापून ठेवलेले कलिंगड, बफेमधला कोमट भात, नळाच्या पाण्याचा बर्फ घातलेले सरबत यांच्याकडे मात्र कुणी संशयाने बघत नाही, आणि खोलीत झोपून राहायची वेळ येते ती यांच्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे: शिजवलेले अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, गरम ठेवायचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली. थर्मामीटर घेऊन फिरायची गरज नाही. वाफ दिसते का, गाडीवर तिथल्याच लोकांची गर्दी आहे का, माल भराभर संपतो का, एवढे बघा.

कीटकांचे नाव काढताच नाके मुरडली जातात. पण जगात सुमारे २ अब्ज लोकांच्या आहारात कीटक आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ च्या अहवालात म्हटले होते. पहिल्यांदाच खाणार असाल तर आम्ही मेक्सिकोतल्या ओआहाकाचे चापुलीनेस सुचवतो. हे लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले नाकतोडे. ते कुरकुरीत असतात, आत मऊ काही लागत नाही, आणि जिभेवर राहते ती लिंबूमिठाची चव. कोळ्याचे पोट मऊ असते, तेव्हा तिथे पायांपासून सुरुवात करा. पोट नाही खाल्ले तरी कुणी हिशेब मागत नाही. ज्यांना कोळंबी किंवा खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र कीटक अजिबात खाऊ नयेत. दोन्हींतली काही प्रथिने इतकी सारखी असतात की तशीच अ‍ॅलर्जी उठू शकते.

उग्र वासाचे पदार्थ

आइसलँडचा हाकार्ल म्हणजे ग्रीनलँड शार्क. ताजे मांस विषारी, कारण त्यात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड भरपूर असते. म्हणून ते खडीरेतीत काही आठवडे दाबून निथळू देतात आणि मग हवेशीर शेडमध्ये चार-पाच महिने टांगून वाळवतात. इथे आंबवणे हाच विष उतरवण्याचा उपाय आहे. उरतो तो अमोनियाचा भपकारा. समोर येतो तो इवलासा चौकोनी तुकडा, सोबत ब्रेनिव्हिन नावाचे कडक मद्य. वास चवीपेक्षा कितीतरी जास्त उग्र असतो, म्हणून हुंगत बसू नका. श्वास सोडा, तुकडा तोंडात टाका, चावा.

स्वीडनच्या सुरस्ट्रॉमिंगचे तंत्र याहून वेगळे. बाल्टिक समुद्रातला हेरिंग मासा बेताच्या मिठात आंबवून डब्यात भरतात आणि आंबण्याची क्रिया डब्यातही चालूच राहते, त्यामुळे डबा फुगतो. फुगलेला डबा फेकून द्यावा हा नियम एरवी काटेकोर पाळा. हा त्याला अपवाद. डबा घराबाहेर उघडतात आणि मासा पातळ पाव, उकडलेला बटाटा व कच्चा कांदा यांच्यात गुंडाळून खातात. नुसता मासा चाटून "कसे खातात हे लोक?" म्हणणारे पर्यटक भेटतात, पण नुसता तो स्वीडिश माणूसही फारसा खात नाही. डबा सामानात घालून आणण्याचा विचार करू नका. २००६ मध्ये एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज यांनी तो विमानात न्यायला बंदी केली होती.

ड्युरियन फळ सिंगापूरच्या मेट्रोत नेता येत नाही, आणि आग्नेय आशियातली बरीच हॉटेले ते खोलीत येऊ देत नाहीत. स्टॉलवरच बसून खा. चीनच्या काळ्या अंड्याला "शंभर वर्षांचे अंडे" म्हणतात, पण ते शंभर वर्षांचे नसते. चुना, राख, मीठ अशा क्षारयुक्त मिश्रणात ते काही आठवडे ते काही महिने मुरवलेले असते.

इथे मात्र थांबा

जपानच्या फुगू माशाच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. शिजवून ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. १९७५ मध्ये काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातले नामवंत नट आठवे बांदो मित्सुगोरो फुगूचे यकृत खाऊन दगावले. परवानाधारक आचाऱ्याच्या उपाहारगृहात फुगू खाणे ठीक आहे. कुणी हौशी माणूस घरी बोलावत असेल तर हात जोडा.

जमैकाचे अ‍ॅकी फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय खायचे नसते, कच्चे असताना ते विषारी असते. कोरियात सान्नाकजी म्हणजे नुकत्याच कापलेल्या ऑक्टोपसचे वळवळणारे तुकडे मिळतात. त्यांचे चूषक घशाला चिकटून गुदमरण्याचे प्रकार झाले आहेत, तेव्हा एक तर नीट चावा किंवा खाऊच नका. मुलांना आणि ज्येष्ठांना आमच्या सहलीत ते दिले जात नाही.

गोड्या पाण्यातला कच्चा मासा आम्ही कुणालाच सुचवत नाही. ईशान्य थायलंडमधल्या कोई प्ला या पदार्थातून यकृतातला चपटा कृमी शरीरात जातो, आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. लिंबू पिळल्यावर मासा शिजल्यासारखा पांढरा दिसतो, पण कृमी मरत नाहीत. समुद्री मासा कच्चा खायचा तर तो आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवलेला होता का, हे विचारायला लाजू नका. चांगले उपाहारगृह उत्तर देते.

औषधे घेणाऱ्यांनी हे वाचलेच पाहिजे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर जपानी नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, टाळा. त्यातल्या भरपूर के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. गर्भवतींनी कच्च्या दुधाचे मऊ चीज आणि कच्चा मासा टाळावा.

शाकाहारी मंडळींसाठी

पदार्थ भाज्यांचा दिसतो म्हणून शाकाहारी धरू नका. जपानी सूपचा पाया असलेल्या दाशीत बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. थाई आणि व्हिएतनामी भाज्यांत माशाचा सॉस, मेक्सिकोत घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी, इटलीच्या पार्मेजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे विरजण. शिवाय "मांस नको" म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी चिकन किंवा मासा आणून ठेवतात. म्हणून काय नको ते एकेक नाव घेऊन सांगावे लागते. आम्ही कागदपत्रांसोबत स्थानिक भाषेतले छापील कार्ड देतो, ते नुसते वेटरला दाखवून थांबू नका, स्वयंपाकघरापर्यंत पाठवा.

कुणाच्या घरी गेलात तर

मंगोलियाच्या तंबूत घोडीच्या दुधाचे आंबट, किंचित मद्यार्कयुक्त आयराग पुढे येते. वाडगा उजव्या हाताने घ्या, ओठाला लावा आणि परत द्या. मद्य न घेणाऱ्यांनाही एवढ्यावर भागवता येते. कझाकस्तानात मानाच्या पाहुण्यापुढे शिजवलेले मेंढीचे डोके ठेवतात. ते तुम्ही एकट्याने संपवावे अशी अपेक्षा नसते, कापून इतरांना वाटणे हाच मान असतो. खरेच नको असेल तर छातीवर हात ठेवून आभार माना आणि पानात दुसरे काही वाढून घ्या. तोंड वाकडे करून फोटो काढणे एवढे मात्र टाळा. यजमानांचे ते रोजचे जेवण असते.

आम्ही काय करत नाही

संकटग्रस्त प्राण्यांचे मांस किंवा अंडी, मग ते खवल्या मांजराचे मांस असो वा समुद्री कासवाची अंडी, आमच्या सहलीत कुठेही नाहीत. पिंजऱ्यातल्या उदमांजरांच्या विष्ठेतल्या बियांपासून केलेली कोपी लुवाक कॉफीही नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या, जिवंत अळ्या असलेल्या कासू मार्झू चीजची विक्री बेकायदा आहे, तेव्हा "ओळखीने मिळवून द्या" असा आग्रह टूर मॅनेजरला करू नये.

पोट बिघडलेच तर

ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताप, शौचात रक्त किंवा २ दिवसांनंतरही जुलाब असतील तर डॉक्टर. मासा खाल्ल्यावर ओठ किंवा जीभ बधिर वाटू लागली, तर रात्र असो वा पहाट, टूर मॅनेजरला उठवा आणि थेट रुग्णालयात चला.

सोबतच्या अर्जात अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि वर्ज्य पदार्थ लिहून निघण्याआधी आमच्याकडे द्या. मुलांचा अर्ज वेगळा भरावा.