मिशेल ओबामांचे ‘बावीस नोकर’: खुलासा

‘मिशेल ओबामांनी सरकारी पैशातून २२ नोकर ठेवले, आधीच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला एवढा थाट नव्हता’ हा ईमेल २००९ पासून फिरतोय. माणसं खरी होती. मात्र ती घरकामाला ठेवलेली नव्हती, आणि ही प्रथाही नवी नव्हती.

यादीत चीफ ऑफ स्टाफ होत्या, प्रेस सेक्रेटरी होत्या, सोशल सेक्रेटरी होत्या. म्हणजे परदेशी पाहुण्यांची मेजवानी ठरवणं, दौऱ्यांचं वेळापत्रक जुळवणं, पत्रकारांना उत्तरं देणं, लोकांच्या पत्रांचा ढीग उपसणं अशी कामं. यात कुठे भांडी घासणं आलं? त्यांच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांचं कार्यालयही जवळपास एवढंच होतं.

पायंडा तर शंभर वर्षांहून जुना. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पत्नी ईडिथ यांच्यासाठी इझाबेला हॅगनर सोशल सेक्रेटरी झाल्या, तेही सरकारी पगारावर. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांनी व्हाइट हाउसच्या ईस्ट विंगमध्ये, म्हणजे पूर्वेकडच्या भागात, स्वतःचं कार्यालय थाटलं. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून राष्ट्राध्यक्षांना कामात मदत करणाऱ्या जोडीदाराला कर्मचारी देण्याची तरतूद केली. जोडीदार नसेल तर राष्ट्राध्यक्ष नेमतील त्या कुटुंबातल्या व्यक्तीला ती लागू होते.

स्वतः फर्स्ट लेडीला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला, मात्र पगार नाही, एक डॉलरही नाही. कर्मचाऱ्यांची नावं आणि पगार व्हाइट हाउस दरवर्षी काँग्रेसला कळवतं. ईमेलमधले आकडेही त्याच जाहीर यादीतून उचललेले होते.