पंपघरातला दुसरा डीबी

मुंबईतल्या अनेक जुन्या सोसायट्यांमध्ये पंपघर किंवा वॉचमनची चौकी मुख्य इमारतीपासून दूर, कंपाउंडच्या कोपऱ्यात असते आणि तिथे वीज न्यायची तर मीटर रूममधून केबल ओढून दुसरा, छोटा डीबी (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, म्हणजे वीज वाटणारी पेटी) बसवावा लागतो. मुलुंडच्या एका सोसायटीत अशा डीबीचे झाकण उघडलेले मी पाहिले, तेव्हा न्यूट्रलच्या काळ्या तारा आणि अर्थिंगच्या हिरव्या तारा पितळेच्या एकाच पट्टीवर, शेजारशेजारच्या स्क्रूंखाली आवळलेल्या होत्या. “दोन्ही मागे जाऊन एकच होतात ना,” असे वायरमनने सांगितले. ते खरे आहे, पण दोघींची गाठ पडते ती ट्रान्सफॉर्मरजवळ, वीज कंपनीच्या बाजूला, आणि तिथे ती एकदाच पडायला हवी.

न्यूट्रल ही वीज परत जाण्याची रोजची वाट आहे, तर हिरव्या तारेतून एरवी काहीच वाहू नये. बिघाड झाला तरच तिने काम करायचे. डीबीत दोन्ही जोडल्या आणि मागेही त्या कुठेतरी जोडलेल्या असल्या, की परतणाऱ्या विजेला दोन वाटा मिळतात. तारा सारख्याच जाडीच्या असतील तर पंपाच्या २० अँपिअरपैकी सुमारे १० अँपिअर हिरव्या तारेतून जातात. न्यूट्रल मध्येच तुटली तरी पंप चालतच राहतो, त्यामुळे दोष कोणाच्या लक्षात येत नाही. सगळा भार हिरव्या तारेवर येतो, आणि तिचाही जोड गंजून सुटला की पंपाचे धातूचे अंग, डीबीची पेटी आणि त्यांना चिकटलेला पाण्याचा पाइप यांवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात.

अशा जोडणीत आरसीसीबी (वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) टिकत नाही, कारण फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परतली का, एवढेच तो तपासत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. इथे तर फरक १० अँपिअरचा असतो. मग ‘हा सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबीच काढून टाकला जातो, आणि ही गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला वाचवणारे दुसरे कोणतेही उपकरण त्या खोलीत नसते.

दुसरा समज असा, की पंपघराजवळ अर्थिंगचा खड्डा (जमिनीत पुरलेली, अर्थिंगला जोडलेली धातूची पट्टी किंवा नळी) घेतला की हिरवी तार मीटर रूमपर्यंत नेण्याची गरज नाही. खड्ड्याचा रोध ५ ओहम, म्हणजे चांगलाच, धरला तरी फेज पंपाच्या अंगाला टेकल्यावर जमिनीतून जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. सी प्रकारचा ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच) तत्काळ पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो तासभरातही पडेलच याची हमी नाही, आणि तोवर पंपाचे अंग जिवंत राहते. तांब्याची हिरवी तार मुख्य बोर्डापर्यंत सलग असेल तर तीच वीज काही शेकडो अँपिअर होते आणि एमसीबी क्षणात पडतो. खड्डा जरूर घ्यावा, पण तो या तारेची जागा घेऊ शकत नाही.

केबलची जाडीही अंतर मोजून ठरवावी. ४० मीटर अंतरावर २० अँपिअरसाठी तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर जाण्यायेण्यात सुमारे १२ व्होल्ट वाटेतच संपतात. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ५ व्होल्टच घटतात. मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट वीज ओढते, तेव्हा बारीक तारेत ४५ ते ५० व्होल्ट पडू शकतात, आणि मोटरचे सुरुवातीचे बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते जवळपास एक तृतीयांशाने घटते. पंप घुरघुरत राहतो, फिरत नाही, आणि वाइंडिंग तापते.

आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल सुमारे ७५ सेंटिमीटर खोल चरात, वाळूच्या थरात टाकून वर विटा किंवा फरश्या मांडाव्यात, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आठवून डीबी आपल्या आवारात आजवर चढलेल्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर बसवावा. केबल पेटीत खालच्या बाजूने, ग्लॅण्डमधून (केबल घट्ट पकडणाऱ्या बुचातून) घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत शिरणार नाही. हे सगळे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

पुरवठा देण्यापूर्वी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासावे आणि पुरवठा दिल्यावर, पंप पूर्ण भाराने चालू असताना, क्लॅम्प मीटर (तारेला न कापता तिच्यातली वीज मोजणारा चिमटा) फक्त हिरव्या तारेभोवती लावून पाहावा. मुलुंडच्या त्या पंपघरात तारा दोन वेगळ्या पट्ट्यांवर घेतल्यानंतर तिथला आकडा शून्यावर आला, आणि नव्याने बसवलेला आरसीसीबी पंप सुरू होताना पडला नाही.