आधी ब्रास, मग स्का: मुंबईतल्या एका छोट्या प्रवाहाची पार्श्वभूमी

मुंबईत स्का, म्हणजे मूळचं जमैकाचं संगीत, वाजवणारे बँड मोजकेच निघाले आणि निघाले तेही फार काळ तगले नाहीत. क्रम बहुतेक ठरलेला असतो. कॉलेजातली चार पोरं जमतात, कुणाच्या तरी ओळखीने ट्रंपेटवाला आणि ट्रॉम्बोनवाला मिळतो, एक-दोन हंगाम गिग्ज होतात, नाव होऊ लागतं. मग ट्रंपेटवाल्याला क्रूझच्या जहाजावर नोकरी लागते आणि मागे उरतो तो गिटारांचा बँड. ‘पोरांची हौस फिटली’ असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. हौस असतेच. अडतं ते ब्रासपाशी, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारख्या फुंकवाद्यांपाशी, आणि त्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

स्काची चाल कानाला लगेच कळते. ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ असं मोजा. गिटारचा छोटा, तुटक ठोका दर वेळी ‘आणि’वर पडतो. खालून बास अखंड चालत राहतो आणि वर ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन मिळून मुखडा वाजवतात. गाणारा नसला तरी स्का होतो. ब्रास नसेल तर मात्र तो पांगळा वाटतो.

हे संगीत 1950च्या दशकाच्या अखेरीस जमैकात घडलं आणि 6 ऑगस्ट 1962ला देश स्वतंत्र झाला त्या दिवसांत ते ऐन भरात होतं. पण वाजवणारे आले कुठून? किंग्स्टनमध्ये अल्फा नावाची मुलांची शाळा होती. गरीब, अनाथ, घरच्यांना न जुमानणारी पोरं तिथे यायची. शाळा चालवायच्या कॅथलिक जोगिणी, आणि तिथल्या बँडमध्ये मुलं ब्रास शिकायची. ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड, सॅक्सोफोनवाले टॉमी मॅकुक आणि लेस्टर स्टर्लिंग, ट्रंपेटवाला जॉनी मूर हे सगळे अल्फाचेच. 1964 साली ‘स्कॅटलाइट्स’ हा बँड उभा राहिला तो अशा लोकांच्या जोरावर. पुढच्याच वर्षी ड्रमंडला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली आणि काही महिन्यांत बँड मोडला. ज्या बँडमुळे जगाला स्का माहीत झाला, त्याचा पहिला डाव असा वर्ष-दीड वर्षात आटोपला!

1979च्या सुमारास इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत स्काची दुसरी लाट आली. मोटारींचे कारखाने मंदावले होते, बेकारी वाढत होती, आणि ‘द स्पेशल्स’मध्ये गोरी-काळी पोरं एकत्र वाजवत होती. त्यांनी ट्रॉम्बोनसाठी बोलावलं कुणाला, तर अल्फातूनच बाहेर पडलेल्या रिको रॉड्रिग्जला. तोवर तो पंचेचाळिशीच्या आसपास पोचला होता. पोरं नवी, पण ब्रास त्याच शाळेचा.

आता मुंबईकडे पाहा. आपल्याकडे अल्फाचं काम गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी केलं. पोर्तुगीज काळात तिथे मुलांना स्वरलिपी आणि वाद्य शिकवलं जाई, आणि ती मुलं पोटापाण्यासाठी मुंबई गाठत. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कूडांमध्ये, म्हणजे सामाईक राहण्याच्या घरांमध्ये, त्यांचा मुक्काम असे. 1935मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड ताजमध्ये वाजू लागला, तेव्हा त्याच्याकडून जॅझ उचलणारे कान या शहरात तयार होते. त्यांतलाच एक चिक चॉकोलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ. त्याच्या ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगची छाप होती. सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्याने काम केलं आणि 1951च्या ‘अलबेला’मध्ये तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसला. आज गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्या भगवानदादांच्या ठेक्यावर पावलं टाकतो, त्या नाचामागे हा गोव्याचा ट्रंपेट उभा आहे. हे मुंबईकराने विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मग दारूबंदी आली. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतले बँड ओस पडू लागले आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे आणखी जोराने वळले. त्या काळात त्यांना तिथे मान होता. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि गोवेकर अरेंजरने ती कागदावर उतरवून ब्रास, व्हायोलिन यांचे तुकडे वाटून द्यायचे, अशी पद्धत होती. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रंपेट वाजवायचे आणि त्यांनी कितीतरी मुलांना स्वरलिपी शिकवली. रोजगार होता म्हणून घरात वाद्य होतं, आणि घरात वाद्य होतं म्हणून पुढची पिढी शिकली. 1980च्या दशकात सिंथेसायझर आला. पाच जणांचा ब्रास सेक्शन एका कीबोर्डवर निघू लागला आणि ही साखळी तुटली. नेमक्या ज्या वयात मुंबईतली पोरं कॅसेटवर ‘टू टोन’चा, म्हणजे कॉव्हेन्ट्रीच्या त्या दुसऱ्या लाटेचा, स्का ऐकू लागली, त्याच वयात त्यांच्या आजूबाजूला ट्रॉम्बोन शिकवणारं माणूस मिळेनासं झालं.

जागांचीही एक कहाणी आहे. धोबीतलावच्या रंगभवनात 1978पासून ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव भरला, पुढे तिथेच रॉकही गाजला. नंतर हॉस्पिटल आणि कॉलेज जवळ म्हणून ते शांतता क्षेत्रात गेलं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा घातली, आणि उघड्यावरचे कार्यक्रम आखडले. 2007मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे लाइव्ह संगीताचं ठिकाण सुरू झालं. 1982च्या संपानंतर ज्या गिरणगावातले भोंगे एकेक करून थांबत गेले, तिथे आता रात्री ट्रंपेट वाजत होता. आठ-नऊ जणांच्या बँडला पुरेल असा स्टेज आणि बरा साउंड तिथे मिळायचा. 2016ला तेही बंद झालं. पुढच्या वर्षी, 29 डिसेंबर 2017ला, कमला मिलमधल्या पबला लागलेल्या आगीत 14 जणांचा जीव गेला. नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. कोविडने उरलेली कसर भरून काढली.

पैशांचा हिशेब तर सरळ आहे. पब तीन जणांच्या बँडला जेवढं मानधन देतो, साधारण तेवढंच नऊ जणांना देतो. देशातला सगळ्यात नावाजलेला स्का बँड, 2009मध्ये निघालेला ‘स्का व्हेंजर्स’, दिल्लीचा आहे, मुंबईचा नाही. मला याची खंत वाटते, कारण ब्रासचा वारसा आपल्या शहराचा आहे.

रियाजाचंच बघा. गिटारवाला हेडफोन लावून रात्री दोनला वाजवू शकतो. ट्रॉम्बोनला ती सोय इतकी सहज नाही. चाळीतला वादक कपाटाचं दार उघडतो, वाद्याचं तोंड आतल्या कपड्यांकडे करतो, खिडक्या लावून घेतो आणि लांब सूर धरत बसतो. तरी शेजारून थाप येतेच. आठवडाभर वाजवलं नाही तर ओठांची पकड सुटते आणि वरचे सूर फाटतात.

तरीही ब्रास पार संपलेला नाही. तो वसईत आहे. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या वरातीला ब्रास बँड अजून लागतो, मुलं घरातल्या मोठ्यांकडून वाजवायला शिकतात. मुंबईतल्या एखाद्या बँडला आज ट्रंपेटवाला हवा असेल तर विरार लोकल पकडून वसईला उतरणं हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. अडचण एवढीच, की चर्चमधली लग्नसराई नाताळानंतर सुरू होते आणि ईस्टरआधीच्या उपासकाळापर्यंत चालते. पबमधल्या गिग्जचा हंगामही तोच. जानेवारीच्या शनिवारी वसईचा वादक हवा असेल तर बँडने तारीख पावसाळ्यातच पक्की करायला हवी, आणि वरातीत मिळतात तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवायला हवेत.